कोकरांची जीप

शमशाद आपांनी जीप दिली, अंगणात जागा दिली, आणि ज्या संध्याकाळी मी सगळं टाकून निघून चाललो होतो त्या संध्याकाळी हातात चहा देऊन मला खाली बसवलं. सोन्यानं इंजिन बोलतं केलं. आमच्या आयटीआयच्या सरांनी सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपची चावी दिली. ही नावं आधीच लिहून ठेवतो. काय झालं ते सांगायला लागलो की मीच त्यात मोठा होत जाईन, आणि मग या माणसांना जागा उरणार नाही, अशी मला धास्ती वाटते. धास्तीचं काय, ती मला कशाचीही वाटते. कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघणारा माणूस मी.

इथे करूरला, तमिळनाडूत, दिवाळी झाली की पाऊस लागतो. आपल्याकडचा पाऊस जाऊन महिना उलटतो तेव्हा इथला सुरू होतो. बसच्या बॉड्या बांधायच्या आमच्या शेडवर पत्रा आहे. पाऊस आला की बाजूच्या माणसाचंही ऐकू येत नाही. लोखंडाला ओल धरते, वेल्डिंग थांबतं, आणि आम्ही सगळे अर्ध्या बांधलेल्या बसच्या सांगाड्यात बसून राहतो, काचा नसलेल्या खिडक्यांतून बाहेर बघत. अशा वेळी अंगाला गार लागलं की माझं मन चुकतं. त्याला वाटतं, ही आपली थंडी. आता धारूरच्या डोंगरावर आभाळ धुतल्यासारखं झालं असेल, तुरीला पिवळा फुलोरा असेल, ज्वारी गुडघ्याला लागली असेल आणि वस्तीवर बिऱ्हाडं बांधायची गडबड चालू असेल. मग पत्र्यावरचा आवाज वाढतो आणि मी परत बसमध्ये येतो.

आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की घाट उतरून खाली माजलगावच्या कालव्याकडे जायचं, ही आमची रीत. तिकडचे शेतकरी रान मोकळं झालं की मेंढरं बसवून घेतात. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, आज या वावरात तर उद्या त्या. रानाला लेंडीखत मिळतं, आम्हाला धान्य आणि मेंढरांना चारा. कोकरं जन्मायचे दिवसही नेमके हेच. ती वाटेतच होतात, चालता चालता. आबा पुढं, मागं घोडं, आणि सगळ्यात मागं माय, दोन्ही खांद्यांवर एक एक कोकरू घेऊन. या रीतीत माझी शाळा कुठे बसेना. अर्धं साल वर्गात, अर्धं साल वाघरीत. शाळेनं मला काढलं नाही, मीही एका दिवशी सोडली असं झालं नाही. नववीत असताना आम्ही एकमेकांना हळूहळू विसरलो. पुढे कुणीतरी सांगितलं की आठवी पासवर आयटीआयला वेल्डरचा ट्रेड मिळतो, म्हणून मी तिथं गेलो. परत विद्यार्थी झालो याचा मला एवढा आनंद झाला होता की ओळखपत्र मी मेंढरं चारतानाही गळ्यात घालायचो.

त्याच्या आदल्या साली घाट उतरताना माय मुरमावरून घसरली. खांद्यावरची कोकरं तिनं सोडली नाहीत, म्हणून हात टेकता आला नाही, आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात रॉड टाकला. पावसाळ्यापर्यंत ती काठी घेऊन अंगणातल्या अंगणात चालायला लागली, पण घाट उतरणं आता तिच्या नशिबी नव्हतं. घोड्यावर तर तिला बसताच येत नव्हतं.

यात फक्त तिच्या चालण्याचा प्रश्न असता तर आबा तिला पाहुण्यांकडे ठेवून गेले असते. पण कोकरांचं सगळं मायवर होतं. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, कुठली पहिलटकरीण लाथ मारते, कुणाला दूध कमी आहे, हे तिला नुसतं बघून कळायचं. ती नसेल तर अर्धी कोकरं वाटेतच जातील हे आबांना माहीत होतं. गणपतीच्या दिवसांत एकदा ते जेवता जेवता म्हणाले, "तू न्हाईस तर मेंढरं न्हाईत. दिवाळी झाली की व्यापाऱ्याला ये म्हणलंय मी."

मायनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

आमचं राहायचं पाल फाटलं होतं ते शिवायला मी धारूरला शमशाद आपांकडे गेलो होतो. जीपचे हूड, ट्रॅक्टरच्या गाद्या, ताडपत्र्या, सगळं आपा शिवत. त्यांचे मालक काळीपिवळी जीप चालवायचे. ते गेल्यापासून जीप घरामागच्या बाभळीखाली उभी होती. हूड गेलेला, टायर बसलेले, आणि आत कोंबड्या. ड्रायव्हरच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी खाली वाकून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, ठोकून बघत होतो तर आपा मागून आल्या.

"काय बघायलास, बेटा? घ्यायचीय का?"

"न्हाई आपा, उगं. खालचा पत्रा गेलाय, पण चासी लई जबर हाय."

"तुला काय कळतंय चासीतलं?"

मी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. त्या हसल्या. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मायचा पाय, घाट, व्यापारी, सगळं सांगून टाकलं. आपांनी ऐकून घेतलं. पाल मशीनवर घेतलं. शिवण पुरी केली. दोरा तोडताना म्हणाल्या, "भंगारवाला दर महिन्याला येतोय. मी देईना. त्यांची गाडी लोकांनी भरलेलीच बघितलीय मी. तू चालू कर आन् तुझ्या मायला ने. पण आधी माझ्या कोंबड्यांना घर करून दे."

माझं पहिलं काम ते. कोंबड्यांचं खुराडं.

त्या दिवसांचा मला अजून वास येतो. गंजाचा, ओल्या बाभळीचा, कोंबड्यांच्या विष्ठेचा, डिझेलचा. वर्ग सुटला की मी आणि सोन्या आपांकडे. सोन्या डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडचा, माझ्याहून धीट आणि तोंडानं फाटका. आमच्याकडे नवं म्हणून काहीच नव्हतं. खालच्या पत्र्यासाठी आपांची फुटकी लोखंडी टाकी कापली. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, एका मोडीत निघालेल्या जीपचे. ब्रेकचं सामान मात्र मी नवंच घ्यायला लावलं, त्यावर सोन्या भडकला.

"बे बिऱ्या, टपाला भोकं हायत आन् ब्रेक नवे? कुठं विमान उतरवायचंय का तुला?"

"माय बसणार हाय त्यात."

"मग मायला सांग, पडलं पाणी तर छत्री उघड." असं म्हणून तोच चाकाखाली सरकला आणि ब्रेकची नळी बसवायला लागला.

मागची बाजू माझी. ती मी पुरती बदलली. दोन्हीकडचे बाक काढले. खाली पाइप आणि पट्ट्यांचे कोकरांसाठी कप्पे, वर मायला बसायला रुंद बाक, मागं जमिनीलगत एक पायरी आणि धरायला दांडा. माप घ्यायला एक दिवस कोकरूच काखेत मारून आणलं. ते उभं राहिलं की पाठ वर घासू नये, बसलं की पाय पट्टीतून खाली जाऊ नये. सर बघायला आले होते. त्यांनी एका वेल्डवर हातोडी मारली, दुसऱ्यावर मारली, आणि म्हणाले, "परीक्षेला याच्या निम्मं जरी केलंस ना, तरी पास." मी घरी जाईपर्यंत ते वाक्य तोंडातल्या गुळाच्या खड्यासारखं चघळत होतो.

सीटमध्ये काय भरायचं हा प्रश्न आला तेव्हा मायच म्हणाली, "घरात लोकरीची पोती पडलीत की. कावून दुसरं आणतो?" नुकतीच मेंढरं कातरली होती. आम्हा सगळ्यांना ते पटलं. लोकर मऊ, उबदार, घरची. मी ती तशीच दाबून दाबून भरली, आपांनी नाकाला पदर लावून वरून रेक्झिन शिवलं. त्या काहीतरी म्हणत होत्या, पण मशीनच्या आवाजात मी लक्ष दिलं नाही.

सोन्या आणि सर जीप फिरवायला घेऊन गेले, आणि परत आले ते दोघंही मान, पाठ, मांड्या खाजवत. सोन्यानं शर्ट काढून झटकला तर गोचीड पडला.

"बे, गाडी हाय का मेंढी? खाली बघतो तर सीटच माझं रक्त पियाली!"

सर बिचारे गाडीत परत बसायला तयार नव्हते. आपा हसून हसून भिंतीला टेकल्या. "अरे बेटा, न धुता भरतात का रे? मी काय म्हणत व्हते मघाशी? अख्खा कळप घातलास त्या सीटमदी! वास तरी घेऊन बघायचा."

खरं सांगायचं तर वास आम्हाला येतच नव्हता. मी, माय, आबा, आम्ही त्यातच जन्मलो. आमच्यासाठी तो वास नव्हता, हवा होती.

आपांनी सगळ्या सीट उसवल्या, लोकर परत पोत्यात भरून परसात उन्हाला टाकली आणि काथ्या भरून दिला. मी शरमलो होतो, म्हणून कप्प्यांच्या बाबतीत जास्तच काळजी घेतली. चकाचक केले. फिनेलनं धुतले आणि तेलरंगाचे दोन हात दिले, हिरवेगार. दिवाळीच्या तोंडावर जीप वस्तीवर आली तेव्हा पोरंसोरं मागं धावत होती. माय दांडा धरून पायरीवर चढली, बाकावर बसली, आणि हात फिरवून म्हणाली, "एसटीपरीस बरी हाय."

आबांनी चार-पाच कोकरं कप्प्यात सोडली. मी फाट्यापर्यंत गेलो आणि आलो. इंजिन गरम झालं नाही, ब्रेक लागले, काही खिळखिळलं नाही. मला वाटलं, जमलं.

कोकरं खाली उतरवली. भुकेली होती, धावत आपापल्या मेंढीकडे गेली. मेंढ्यांनी शेपटीखाली नाक लावलं आणि ढुशी मारली. कोकरं परत गेली, परत ढुशी. मेंढी आपलं लेकरू डोळ्यांनी ओळखत नाही, वासानं ओळखते. आणि माझ्या कोकरांना वास येत होता तेलरंगाचा, फिनेलचा, डिझेलचा. माय खाली बसली, मोडका पाय लांब करून. एक एक मेंढी धरून तिच्या दुधाचे थेंब कोकराच्या शेपटीवर चोळायला लागली. काहींनी घेतलं. एका मेंढीनं दिवस मावळेपर्यंत घेतलं नाही, आणि ते कोकरू उभं राहून नुसतं ओरडत होतं.

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "बिरू, तू लई केलंस. पर हे चार कोकरांचं काम हाय का? चाळीस झाल्यावर हिनं किती जणांच्या शेपट्या चोळायच्या? व्यापारी येऊन बघून जाऊ दे."

मी जीपची चावी घेतली, दोन कपडे पिशवीत घातले आणि धारूरची वाट धरली. चावी आपांना द्यायची आणि स्टँडवरून मिळेल त्या गाडीनं पुण्याकडे जायचं, असं ठरवलं होतं. माझ्यासारख्याला कुणी कामावर घेईल की नाही याचीही धास्ती होतीच, पण विकल्या मेंढरांची रिकामी वाघर बघायची धास्ती त्याहून मोठी होती.

आपांनी चावीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. चहा टाकला.

"बस. उभ्यानं चहा पितात का?"

मी बसलो. त्याच बोलत राहिल्या, इकडचं तिकडचं. मग म्हणाल्या, "जायचं तर जा, पण आधी ती तुझी पोती उचल परसातून. काल पाहुणे आलते, नाक धरून जेवले. लाजले रे मी."

पोती उचलायला मी मागं गेलो. महिनाभर रंगात, डिझेलमध्ये, वेल्डिंगच्या धुरात काढला होता मी. पोत्याचं तोंड उघडं होतं. वाकलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या लोकरीचा वास आला. दाट, खारट, थोडा आंबट. वाघरीत पहाटे उठल्यावर असतो तो. मायच्या पदराचा.

मी तिथूनच ओरडलो, "आपा! मेंढी हाय ही! पोत्यात अख्खी मेंढी हाय!"

"तेच तर सांगतेय मी मघाधरनं," त्या आतून म्हणाल्या.

सांगायला आत गेलो तेव्हा शब्द एकात एक अडकत होते. सीटमध्ये नको असलेली लोकर कप्प्यात हवी होती. न धुता, तशीच, म्हणजे कोकरांना रंगाचा नाही, कळपाचाच वास लागेल. आपांना आधी पटलं नाही, मग पटलं, मग त्यांनी माझी पिशवी उचलून कपाटावर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाद्या शिवायला बसल्या. रेक्झिन नाही, जुन्या लुगड्याचं पातळ कापड, वास बाहेर यावा म्हणून. मी आणि सोन्या वस्तीवर जाऊन कप्प्यांचा हिरवा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडत होतो. सोन्या शिव्या देत होता, कारण तो रंग त्यानंच निवडला होता. "तुझ्या मेंढरांस्नी रंगसंगती कळंना," म्हणाला.

पाडव्याला परत तीच कोकरं, तोच फाटा. उतरवली. मेंढ्यांनी नाक लावलं. एक थांबली, परत हुंगलं, आणि तिनं पाय फाकवून दूध दिलं. मग दुसरी. त्या दिवशीची ती हट्टी मेंढी आजही अडूनच बसली. मायनं तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत तिचंच दूध चोळलं तेव्हा कुठे तिनं मान वळवून कोकराला चाटलं. माय माझ्याकडे बघून म्हणाली, "एखादी असतीच रं अशी. तिच्यासाठीच मी हाय की."

व्यापारी आला तेव्हा आबांनी त्याला फराळ दिला, चहा दिला आणि म्हणाले, "पाव्हणं, यंदा न्हाई."

घाट उतरण्याचा दिवस मी सुखानं आठवतो असं लिहायला आवडलं असतं. पण त्या दिवशी प्रत्येक वळणाला मला माझा एकेक वेल्ड आठवत होता. इथं बुडबुडा राहिला होता का, तिथं घाई केली होती का. पुढं आबा हाळी घालत, मागून ट्रकवाले हॉर्न मारत, मध्ये पहिल्या गिअरमध्ये जीप. मेंढ्या इंजिनला बुजतील ही माझी भीती खोटी ठरली. गाडीतून कोकरं ओरडत होती, आणि आया त्या आवाजामागं जीपला चिकटून चालत होत्या. आरशात मला माय दिसत होती. तिच्या मांडीवर आदल्या रात्री जन्मलेलं एक कोकरू, आणि ती बाहेरचा घाट असा बघत होती, जणू तो तिला पहिल्यांदाच दिसतोय. खांद्यावर ओझं घेऊन खाली बघत उतरणाऱ्या बाईला डोंगर दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. मायनं मागून हाक मारली, "बिऱ्या, केवढी ही झाडं रं! ही कवापास्नं हायत?"

पुढं कोर्स संपला. सरांच्या ओळखीनं इथलं काम मिळालं. मेंढरं होती, माय-आबांचं चालत होतं, म्हणून मी एवढ्या लांब येऊ शकलो. इथली भाषा अजून नीट येत नाही. 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यावर बरीच कामं होतात. स्लीपर बसचा बर्थ बांधून झाला की मी त्यात आडवा होऊन बघतो, डोकं घासतं का, पाय अडतात का. पोरं हसतात. सुपरवायझर आधी हसायचा. आता प्रत्येक बसला मलाच झोपायला सांगतो.

आबा स्वतः जीप चालवायला शिकले. अजून ब्रेक दाबताना "हो, हो, थांब" म्हणतात, घोड्याला म्हणावं तसं. माय फोनवर कमी बोलते, नुसता फोन वाघरीत धरून ठेवते. मी ऐकतो. लोकरीच्या गाद्या दर दिवाळीला आपाच बदलून देतात, ताज्या कातरलेल्या लोकरीच्या, आणि दर वेळी नाकाला पदर लावतात म्हणे.

परवा पाऊस लागला म्हणून काम बंद होतं, तेव्हा मी आपांना फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, आजकाल हूड, सीट कव्हर सगळं तयार मिळतं बेटा, धारूरात कोण शिवायला येतंय. खेड्यापाड्यांत ट्रॅक्टर आहेत, फाटक्या गाद्या आहेत, पण हे जड मशीन घेऊन या वयात बाजार-बाजार कोण हिंडणार. विकून टाकावं म्हणते. त्यांनी हे हसतच सांगितलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या अर्ध्या बसमध्ये बसून होतो, आणि हळूहळू माझे डोळे सांगाड्याची मापं घ्यायला लागले. मशीन कुठं बसेल. ताडपत्रीचा गठ्ठा कुठं. फळी बाहेर उघडली तर सावली किती पडेल. आपांना उजेड डाव्या हाताला लागतो.

आपा, तुम्ही माझी पिशवी कपाटावर टाकलीत, ते मी फेडू शकेन असं मला वाटत नाही. पण एक छोटी जुनी गाडी मी हुडकायला लागलोय, आणि बॉडी बांधायला आता मला कुणाला विचारावं लागत नाही. नांदूरघाटच्या बाजारापासून आष्टीच्या बाजारापर्यंत तुम्ही बसल्या जागी शिवत जाल, अशी ती मी बांधीन. वेळ लागेल. मी सगळे वेल्ड दोनदा तपासणार, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. तोवर मशीन विकू नका. माप घ्यायला मी येतोय.